गुरुशांत मास्तरांनी मायाक्काची खोट काढिली, ते मोहिमेची हकीकत

श्रीसिद्धरामेश्वर समर्थ. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसू नाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध दशमी, आदितवार. ते दिवशी सोलापूर शहरी, शुक्रवार पेठेमागील शाळेचे पटांगणी जे युद्ध जाहले, त्यात रक्ताचा थेंब सांडला नाही. चहा मात्र पुष्कळ सांडला. थोर माणसे थोर निर्णय कैसे करितात हे पुढील मुलांस कळावे, त्यांनी ते वाचावे आणि वाचून शक्यतो तैसे करू नये, म्हणोन ही हकीकत लिहिली असे. जेथे कोणी आपले शौर्य वाढवून सांगितले, तेथे निम्मे घेतले आहे.

त्याचे मूळ ऐसे. जिल्ह्यात कुमारींचा बास्केटबॉल चषक चालतो, आणि त्यात तीन फौजा उतरतात : बार्शीची, मंद्रूपची आणि शुक्रवार पेठेची. पूर्वी जी मुलगी ज्या गावची, ती त्या गावच्या फौजेत, ऐसा दस्तुर होता. परंतु बार्शीकरांनी लागोपाठ तीन साल चषक नेला आणि चौथ्या साली तो ठेवावयास कपाट आधीच करून घेतले, तेव्हा बाकी दोन्ही सरकारांस बहुत क्रोध आला. मग मसलत जाहली, आणि चषकाच्या मंडळाने फर्मान काढिले की, सर्व मुली एके ठायी हजर कराव्या, आणि तिन्ही सरकारांनी आळीपाळीने एकेक नाव पुकारून आठ-आठ जणींची फौज उभी करावी. परदेशी मुलखात यास ड्राफ्ट म्हणतात. पेठेत यास नावे उचलणे म्हणू लागले. पहिल्या फेरीस आधी बार्शी, मग पेठ, मग मंद्रूप. दुसऱ्या फेरीस उलट, आधी मंद्रूप. आणि ऐशाच आठ फेऱ्या, सापाच्या चालीने. आणखी एक कलम ऐसे की, नाव पुकारण्याचा अखत्यार एकट्या अध्यक्षाचा. प्रशिक्षकाने कानाशी लागावे, परंतु तोंड उघडून नाव घेऊ नये.

या कलमाखाली जो मनुष्य दिवसभर दबून राहिला, तो शुक्रवार पेठेचा सेनापती, राजश्री गुरुशांत मास्तर. गळ्यात शिटी, काखेत वही. चौतीस वर्षे शाळेत कवायत शिकवून निवृत्त जाहलेले, आणि चौतीस वर्षांत कोणाही लेकरास 'तुला जमणार नाही' ऐसे म्हणाले नाहीत. 'अजून जमलं नाही' ऐसे म्हणत. या एका 'अजून'वर त्यांनी कैक ठोंब्यांस दोरीवर चढविले, आणि दोन हेडमास्तरांस जेरीस आणिले.

त्यांचे वरती अध्यक्ष, राजमान्य दिग्विजयराव, टॉवेलबहादर. पेठेत त्यांचे टॉवेल-चादरींचे जंगी दुकान. माल मापून विकणारा पुरुष, म्हणोन माणूसही मापून घेई. गेल्या साली त्यांनी आठच्या आठ मुली उंच घेतल्या. त्या रांगेत उभ्या राहिल्या म्हणजे पेठेची छाती फुगे. आणि चेंडू जमिनीलगत जाऊ लागला म्हणजे आठांपैकी एकीसही वेळेवर वाकणे होईना. मग अठ्ठावीस गुणांनी शिकस्त खाल्ली, आणि दिग्विजयरावांनी त्यावरून धडा घेतला की, मुली याहून उंच पाहिजेत.

यंदा त्यांनी आपली सून रेश्मा, जी संगणक शिकलेली, तीस आकडेनवीस नेमिले. ती लॅपटॉप उघडोन बसली आणि यादीतील तीस मुलींची उंची, उडी, धाव आणि हाताची लांबी रकान्यांत भरून तिने सर्वांचे अनुक्रम लाविले. त्यात मायाक्का धुळाप्पा, मुक्काम मंद्रूपनजीक, वय वर्षे चौदा, उंची चार फूट दहा इंच, हिचा क्रम एकोणतिसावा आला. तिसाव्या क्रमांकाची मुलगी तापाने फणफणून आलीच नव्हती.

सकाळी परीक्षा सुरू जाहली. बार्शीचे अध्यक्ष ज्ञानूशेठ, धान्याचे आडते. पोत्यात सळई खुपसून मूठभर दाणे पाहावे आणि अख्ख्या पोत्याचा निकाल द्यावा, ही त्यांची हयातभरची रीत. म्हणोन त्यांनी प्रत्येक मुलगी घड्याळ लावून एक मिनिट पाहिली आणि पुढे ढकलिली. मंद्रूपचे अध्यक्ष कोंडीबा, शेळ्या-मेंढ्यांचे व्यापारी. त्यांनी मुलींचे गुडघे पाहिले, चाल पाहिली, आणि एकीस तोंड उघड म्हणाले, आणि मग आपण कोठे आहो याचे स्मरण होऊन, "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे पोरी," म्हणत चहाकडे गेले.

मग पाच-पाच जणींचा सामना लाविला, आणि ते समयी गुरुशांत मास्तरांनी जे पाहिले ते दुसऱ्या कोणी पाहिले नाही. कां की बाकीचे सर्व उंच मुलींकडे माना वर करून पाहात होते, आणि ते खाली घडत होते. मायाक्का पळत नव्हती. ती दोन पावले इकडे होई, तीन पावले तिकडे होई, जिभेने 'टॉक' ऐसा आवाज करी, आणि समोरच्या पाच जणी आपोआप कोपऱ्याकडे सरकत जात. कोपऱ्यात दाटी जाहली म्हणजे घाबरून कोणी चेंडू फेके, आणि जेथे फेके तेथे मायाक्का आधीच उभी असे. ऐसे सहा वेळा जाहले. मास्तरांनी शिटी वाजविण्याचेही भान सोडिले.

सामना संपताच ते तीजकडे गेले आणि पुसते जाहले, "बाळ, चेंडू कुठं येणार हे तुला आधी कळतं कसं?"

"त्यात काय हाय सर? पुडचं मेंढरू कुटं बगतंय, त्ये बगायचं न्हाय. मागचं कुटं दबतंय, त्ये बगायचं. मागचं दबलं की पुडचं आपसूक तितंच जातंय की."

मास्तरांनी वही काढिली आणि हे वाक्य जसेच्या तसे उतरून घेतले. चौतीस वर्षे हीच गोष्ट ते फळ्यावर बाण काढून मोठमोठ्या मुलांस समजावीत होते, आणि कोणास समजली नव्हती.

भिंतीशी तिचा बाप धुळाप्पा, खांद्यावर घोंगडे, हनुवटी काठीवर टेकून उभा होता. मास्तरांनी त्याचे क्षेमकुशल पुसले, तेव्हा तो म्हणाला, "परवा मेंढरं घिऊन निगतोय मास्तर. नदीकाठच्या रानात बसवायची, मग खाली कर्नाटकात. पाडव्यापतुर माघारी न्हाय. हिचं नाव निगालं, तर हितं बजाबाईकडं ऱ्हाईल. बजाबाई म्हंजे हिची आत्या. शाळाबी हुईल, ह्ये चेंडूचंबी हुईल. न्हाय निगालं तर चलंल आमच्यासंगं. माजी ना न्हाय, पर काय कारण नसताना पोर दुसऱ्याच्या दारात कशी ठिवायची?"

हे ऐकोन मास्तरांनी बोटांवर हिशेब केला. एकोणतीस मुली हजर, आणि जागा चोवीस. पाच जणी रिकाम्या हाताने परत जाणार, त्यांत ही गेली म्हणजे शाळा गेली, खेळ गेला, आणि ते वाक्यही मेंढरांमागे गेले. मग त्यांनी मनाशी निश्चय केला की, आज दुसरे काही होवो न होवो, हिचे नाव निघाले पाहिजे. हीच त्यांची मोहीम.

परंतु मोहिमेच्या आरंभीच सेनापतीचे हातून चूक जाहली. मास्तर साधा माणूस, जे वाटे ते बोले. ते चहाच्या टपरीशी सर्व सरकारांसमक्ष मोठ्याने म्हणाले की, ऐसी मुलगी चौतीस वर्षांत पाहिली नाही, सोने आहे सोने. हे ऐकताच ज्ञानूशेठांनी आपल्या कागदावरील मायाक्काचे नाव पुसले, आणि कोंडीबांनी मिशीत हसून मान फिरविली. मास्तरांचे ध्यानी हे आले नाही; त्यांस वाटले, काम फत्ते.

दहा वाजता दरबार भरला. तीन टेबले, त्यांवर तीन टॉवेल (दिग्विजयरावांचे दुकानचे, नाव ठळक दिसेल ऐसे अंथरिलेले), मध्ये मंडळाचे कारकून घंटी घेऊन. ज्ञानूशेठ उठले आणि पहिले नाव पुकारिले : राजनंदिनी. बार्शीचीच मुलगी, पाच फूट अकरा इंच. दिग्विजयरावांचा चेहरा उतरला, कां की त्यांनी राजनंदिनीच्या उंचीची जर्सी आधीच शिवून घेतली होती. मग त्यांनी रेश्माचे यादीतील दुसरे नाव पुकारिले, आणि मंद्रूपने दोन नावे लागोपाठ घेतली, आणि फेरा उलटला.

प्रत्येक फेरीस मास्तर कानाशी लागले आणि हळूच म्हणाले, "साहेब, मायाक्का." आणि प्रत्येक फेरीस दिग्विजयरावांनी निराळे उत्तर दिले. दुसरे फेरीस म्हणाले, उंची. तिसरे फेरीस म्हणाले, आकडे पहा. चौथे फेरीस म्हणाले, बार्शीकर हसतील. पाचवे फेरीस म्हणाले, "मास्तर, ती एवढी चांगली असती तर अजून शिल्लक राहिली असती का?" मास्तरांनी यावर बहुत विचार केला, आणि हे वाक्य चारी बाजूंनी बंद आहे, यास दारच नाही, ऐसे त्यांस आढळले.

सहावे फेरीस रेश्माने मास्तरांचे उघड्या वहीतील ते वाक्य वाचिले, सासऱ्यांस न पुसता मान वर केली आणि विचारले, "सर, मागचं दबतंय ते कुठं दिसतं? त्याला रकाना करता येईल का?" मास्तर म्हणाले, "करता येईल, बाळ. पण त्यासाठी मान लॅपटॉपमधून बाहेर काढावी लागेल." पुढील अर्धा तास तिने पडद्याकडे पाहिले नाही, भिंतीशी बसलेल्या मायाक्काकडे पाहिले. मायाक्का बसल्या बसल्या कोणती मुलगी आता पाणी प्यावयास उठणार हे बापास आधीच सांगत होती.

सात फेऱ्या जाहल्या. एकवीस नावे उचलिली गेली. मग कारकुनांनी घंटी वाजविली आणि पंधरा मिनिटे चहाची रजा दिली. मास्तर दिग्विजयरावांस बाजूस घेऊन म्हणाले की, आता एकच नाव उरले आहे, ते तरी द्यावे. दिग्विजयरावांनी मान हालविली.

"शेवटचं नाव पायलचं. मेव्हण्याची पोर आहे, त्याला शब्द दिलाय."

"साहेब, पायलला चेंडूची भीती वाटते. चेंडू आला की ती डोळे मिटते."

"मिटू दे. फोटोत नाही मिटत. मास्तर, घरात राहायचंय मला."

हे कारण मात्र खरे होते, म्हणोन मास्तर वळले आणि टपरीशी येऊन उभे राहिले. चहा हातात निवाला. तेथे कोंडीबा भजी खात उभे होते, त्यांस दया आली.

"मास्तर, येक सांगू? राग मानू नका. त्या पोरीचं वाटुळं तुमीच केलंय."

"मी? मी तर सकाळपासून तिची तारीफ करतोय हो."

"त्येच म्हंतो मी! अवो, चाळीस वर्सं बाजार केला मी. इकणारा तारीफ करतोय आन् घेणारा खोट काडतोय. ज्याला बकरं पायजेल असतंय त्यो म्हंतोय, पाय वाकडा हाय, दात पडल्यात, खोकतंय बी. ज्याला नको असतंय त्यो म्हंतोय, वा वा, काय झकास हाय! आन् पुडं जातोय. तुमी त्या पोरीला सोनं म्हनला. मी म्हनलं, मास्तर कुनाचा तरी नग खपवाय लागल्यात. ज्ञानूशेठ बी तेच म्हनलं."

ऐसे म्हणोन कोंडीबांनी एक मिरची उचलली. मग मास्तरांस आठवण जाहली की, आठवी फेरी सम आहे. आणि समफेरीस पहिले नाव मंद्रूपचे, त्यानंतर पेठेचे. ते जागचे हालले नाहीत, परंतु त्यांचे मनात फौजा हालू लागल्या.

तरवार उपसणे सोपे. चौतीस वर्षांत जे केले नाही ते करणे कठीण. मास्तरांनी भिंतीकडे पाहिले. मायाक्का बारा हातांवर बसली होती. बोलले तर तीस ऐकू जाणार. न बोलले तर परवा ती मेंढरांमागे जाणार. त्यांनी एकवार शिटी मुठीत घट्ट धरिली, आणि निवालेला चहा एका घोटात संपविला, आणि भर टपरीवर, सर्व जगास ऐकू जाईल ऐशा कवायतीच्या आवाजात बोलू लागले.

"पण कोंडीबा, तुमचं बरोबर आहे. मी नीट पाहिलंच नव्हतं. उंची कुठाय तिला? रिंग म्हणजे तिला दिवसा दिसलेला चंद्र! पळत तर नाहीच, उभी राहते. सारखी मागं बघते. मागं बघणारी पोर खेळात काय कामाची? जिभेनं टॉक टॉक करते, समोरच्याला वाटतं घोडा आला. आणि डावा हात... डावा हात कच्चा आहे तिचा. नको रे बाबा. ही असली पोर कुणी घेऊ नये. शेवटी उरली तर बघू, आमच्याकडं कोपऱ्यात पडून राहील."

शेवटले वाक्य बोलताना त्यांनी मान खाली घातली ती वर केली नाही, आणि मायाक्काकडे पाहण्याची छाती त्यांस जाहली नाही.

कोंडीबांचे हातातील भजी हातातच राहिली. चाळीस वर्षांचा बाजार त्यांचे अंगात जागा जाहला. पाच खोटी काढिल्या! पाच! वर 'उरली तर बघू'! ऐसे तर तोच म्हणतो ज्याने मनात माल घरी नेऊन खुंटीस बांधिला आहे. सकाळी सोने म्हणाला तो सर्वांस भुलविण्यासाठी; आता पेठेची पाळी जवळ आली तेव्हा म्हातारा खऱ्यावर आला. ऐसा हिशेब क्षणात मांडून ते तोंडाने एवढेच म्हणाले, "व्हय, व्हय, अगदी बेकार पोर," आणि भजी तैसीच टाकून टेबलाकडे झपाझप गेले. जाता जाता एकदा धावलेही.

घंटी वाजली. कारकुनांनी आठवी फेरी पुकारिली. कोंडीबा घंटीचा आवाज विरण्याआधी उठले आणि ऐसे गर्जले की शाळेचे छपरावरील कबुतरे उडाली.

"मायाक्का धुळाप्पा! मंद्रूप! लिवा, आधी लिवा!"

लिहिले गेले. वर शिक्का पडला. भिंतीशी धुळाप्पाने काठी या हातातून त्या हातात घेतली; त्याने एवढेच केले.

पेठेच्या टेबलावर हाहाकार जाहला. दिग्विजयराव मास्तरांकडे वळले आणि अत्यंत दिलगीर होऊन म्हणाले, "मास्तर, काय हे! एवढी चांगली होती, तर आम्हाला सांगायचं नाही का?"

"साहेब, सकाळपासून दर फेरीला सांगतोय."

"तसं नव्हे हो. तुम्ही चांगली आहे म्हणालात. वाईट आहे म्हणाला असता, तर आम्हीही लक्ष दिलं असतं."

मग त्यांनी उसासा टाकून पायलचे नाव पुकारिले. पायलने ते ऐकताच डोळे मिटले. बार्शीकरांनी शेवटले नाव घेतले, आणि पाच मुली घरी जावयास उठल्या. दरबार बरखास्त जाहला. मास्तरांनी त्या पाचही जणींची नावे वहीत लिहून घेतली, आणि प्रत्येकीस हजर राहण्याचा वार आणि वेळ सांगितली. 'अजून जमलं नाही, एवढंच' म्हणाले.

दुपार जाहली, पटांगण रिते जाहले. मग मास्तर मायाक्कापुढे जाऊन उभे राहिले. हेडमास्तरांपुढे जे कधी वाकले नाहीत ते चौदा वर्षांच्या मुलीपुढे चाचरू लागले.

"बाळ, मघाशी मी जे बोललो... ते तू ऐकलंस?"

"सगळं ऐकलं की."

"ते खरं नव्हतं. मला..."

मायाक्का हसू लागली. "सर, तुमी लई घाबरता. आमी मेंढरं बाजारात नेतो न्हवं? ज्याची खोट कुनी काडत न्हाय, त्ये कोकरू सांजंला माघारी घरी येतंय. तुमी पाच खोटी काडल्यावर मी आप्पास्नी म्हनलं, आता जातंय बगा आपलं कोकरू!"

धुळाप्पा दात दाखवून हसला. "म्या म्हनलं, मास्तरास्नी बाजार कळतोय. उगाच शाळंत घातली हयात."

मास्तरांस हसावे की डोळे पुसावे हे समजेना, म्हणोन त्यांनी शिटी पुसली. तेव्हा मायाक्का एकदम गंभीर जाहली.

"पर सर, येक इचारू? बाकीचं जाऊ द्या. त्यो डावा हात... त्ये खरं हाय का?"

सत्याची वेळ आली म्हणजे मास्तरांस खोटे बोलता येत नसे. दिवसात एकदा बोलले, तेवढी शक्ती खर्च जाहली होती. ते म्हणाले, "तेवढं मात्र खरं आहे. डावा अजून जमला नाही."

"काठी उजव्या हातात असती न्हवं कायम, म्हनून असंल."

"असंल. ये इकडं."

आणि मग त्या रित्या पटांगणी, माथ्यावर ऊन असता, शुक्रवार पेठेचा सेनापती मंद्रूपच्या फौजेतील मुलीस डाव्या हाताने चेंडू खेळविण्यास शिकवू लागला, जेणेकरून ती पुढील महिन्यात येऊन पेठेचा पराभव करील. रेश्मा लॅपटॉप मिटून कठड्याशी उभी होती. तिने पुसले, "सर, ही तर आता त्यांची ना?" मास्तर म्हणाले, "त्यांचीच. पण डावा हात कुणाचाच नाही, तो तिचा आहे." आणि धुळाप्पाने आपली काठी भिंतीस टेकवून ठेविली आणि घोंगडे अंथरून बसला, कां की आज घाई नव्हती.

येणेप्रमाणे मार्गशीर्ष शुद्ध दशमीस सोलापूर मुक्कामी फत्ते जाहली. बार्शीकरांस उंची मिळाली, दिग्विजयरावांस घरात शांतता मिळाली, कोंडीबांस आपण म्हाताऱ्यास फसविले याचा आनंद मिळाला, आणि तो आनंद कोणी काढून घेतला नाही. मास्तरांनी आपले वहीत पेठेच्या आठ जणींची नावे शाईने लिहिली. त्याखाली नववे लिहिले : मायाक्का धुळाप्पा, फौज मंद्रूप, उंची चार फूट दहा इंच, पाठीमागचे पाहते, डावा हात, आज एकवीस वेळा, चुकला सहा वेळा. उद्या चार वाजता.

सही, गुरुशांत.